स्वस्तात स्वतःचं एएम रेडिओ स्टेशन: माधवनगरमधून ते सुरू करता येईल का?

'घरच्या घरी रेडिओ स्टेशन बनवा' असं सर्च केलं की व्हीडिओंची रांग लागते. एक क्रिस्टल, दोन-तीन ट्रान्झिस्टर, तांब्याच्या तारेची कॉइल, नऊ व्होल्टची बॅटरी. शेजारच्या खोलीतल्या जुन्या रेडिओवर मोबाईलमधलं गाणं वाजायला लागतं आणि व्हीडिओ संपतो.

हे पाहून कुणाच्याही मनात येईल की असंच काहीतरी आपल्या गावासाठी का करू नये? समजा, सांगलीला लागून असलेल्या माधवनगरमधल्या एखाद्या तरुण मंडळाला ही कल्पना सुचली. वर्गणीतून थोडे पैसे उरलेत, एकाला सोल्डरिंग येतं, एकीचा आवाज चांगला आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्यांसाठी गाणी, शाळेच्या सूचना, पाण्याची वेळ आणि पावसाळ्यात कृष्णेच्या पातळीची माहिती द्यायची.

कल्पना चांगली आहे. पण व्हीडिओ जिथे संपतो, तिथूनच खरे प्रश्न सुरू होतात. हा आवाज किती लांब जाईल? खर्च नेमका कशावर होतो? आणि हे कायद्यात बसतं का?

एएम म्हणजे नेमकं काय?

रेडिओ स्टेशन एका ठरावीक फ्रिक्वेन्सीची लहर सतत सोडत असतं. त्या लहरीची उंची आवाजाप्रमाणे कमी-जास्त केली की ते एएम. उंची तशीच ठेवून फ्रिक्वेन्सी किंचित पुढे-मागे केली की ते एफएम.

आपल्याकडे एएम म्हटलं की बहुतेकांना मध्यम लहरी, म्हणजे मीडियम वेव्ह आठवते. हा पट्टा साधारण 526 ते 1606 किलोहर्ट्झचा असतो. सांगली-साताऱ्याच्या जुन्या श्रोत्यांना यातला एक आकडा पाठ आहे. तो म्हणजे 1251 किलोहर्ट्झ, आकाशवाणी सांगली. 1963 साली सुरू झालेल्या या केंद्राच्या मध्यम लहर ट्रान्समीटरची क्षमता 20 किलोवॉट.

छोट्या एएम ट्रान्समीटरचे भाग मोजकेच असतात. लहर तयार करणारा ऑसिलेटर, त्या लहरीवर आवाज चढवणारा मॉड्युलेटर, ताकद वाढवणारा अँप्लिफायर, नको त्या फ्रिक्वेन्सी गाळणारा फिल्टर आणि शेवटी अँटेना. व्हीडिओतल्या सर्किटमध्ये बहुतेक वेळा फिल्टर नसतोच. त्यामुळे 1 मेगाहर्ट्झवर चालणारं सर्किट 2, 3, 4 मेगाहर्ट्झवरही थोडाथोडा गोंगाट करत राहतं. आपल्याला तो ऐकू येत नाही, पण त्या फ्रिक्वेन्सी वापरणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी त्याचा त्रास होतो.

सर्किट स्वस्त आहे, मग महाग काय?

महाग आहे ती अँटेना.

अँटेना नीट चालायची असेल तर तिची उंची लहरीच्या लांबीच्या साधारण पाव भाग असावी लागते. 1 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 300 मीटर. म्हणजे अँटेना हवी 75 मीटर उंच. 1251 किलोहर्ट्झला हाच हिशेब 60 मीटरवर येतो, म्हणजे जवळपास वीस मजली इमारतीइतकी उंची. शिवाय मध्यम लहरीला जमिनीचाही आधार लागतो. मोठ्या केंद्रांच्या मनोऱ्याखाली तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या चहूबाजूंनी पुरलेल्या असतात. हे सगळं करायला मोकळी जागा लागते आणि तांबं किलोवर विकत घ्यावं लागतं.

आता गच्चीवर 3 मीटरची तार उभी केली तर काय होईल? 1 मेगाहर्ट्झला एवढ्या तारेचा प्रत्यक्ष लहर सोडणारा रोध, म्हणजे 'रेडिएशन रेझिस्टन्स', जेमतेम 0.04 ओहम येतो. घरगुती अर्थिंगमध्ये होणारी गळती 20 ओहम धरली, तर दिलेल्या ताकदीपैकी फक्त 0.2 टक्के बाहेर पडते. 100 मिलिवॉट दिले, तर हवेत जातात 0.2 मिलिवॉट. बाकीची उष्णता होते.

अमेरिकेतल्या नियमांत अशा छोट्या एएम ट्रान्समीटरला परवान्याशिवाय मुभा आहे. तिथली मर्यादा म्हणजे शेवटच्या टप्प्याला जास्तीत जास्त 100 मिलिवॉट आणि अँटेना, तिची तार व अर्थिंगची तार मिळून 3 मीटर. एवढ्यात आवाज जातो तो साधारण 200 फूट, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत एका गल्लीपुरता. आकाशवाणी सांगलीचे 20 किलोवॉट या 100 मिलिवॉटच्या दोन लाख पट आहेत.

इंटरनेटवर दिसणाऱ्या 'लो पॉवर एएम'च्या बऱ्याचशा कृती या अमेरिकी नियमावर बेतलेल्या असतात. तो नियम भारताचा नाही, हे व्हीडिओत कुणी सांगत नाही.

माधवनगरमध्ये आणखी एक अडचण

माधवनगर हे कापडाचं गाव. इथं यंत्रमाग चालतात. यंत्रमागाच्या मोटारी, स्टार्टर, स्वस्तातले एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर हे सगळे मध्यम लहरींच्या पट्ट्यात खरखर सोडत असतात. एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत साठवलेला असतो आणि ही खरखरही नेमकी उंचीच बिघडवते. म्हणून वीज कडाडली की एएमवर 'खर्रर्र' ऐकू येतं आणि एफएमवर सहसा येत नाही.

एक गोष्ट मात्र एएमच्या बाजूची आहे. मध्यम लहर जमिनीला धरून चालते आणि ओलसर काळ्या मातीतून ती मुरमाड किंवा खडकाळ जमिनीपेक्षा चांगली जाते. कृष्णाकाठची माती त्या दृष्टीने बरी. पण मातीचा हा फायदा मोठ्या स्टेशनला होतो. 0.2 मिलिवॉटला माती कितीशी मदत करणार?

रात्री चित्र आणखी बदलतं. दिवसा मध्यम लहरी शोषून घेणारा वातावरणाचा वरचा थर सूर्यास्तानंतर विरतो आणि शेकडो किलोमीटरवरची स्टेशनं ऐकू येऊ लागतात. श्रोत्याला यात मजा वाटते. छोट्या स्टेशनचा आवाज मात्र त्या गर्दीत बुडून जातो.

कायदा काय सांगतो?

भारतात कोणत्याही व्यक्तीला स्वतःचं एएम प्रसारण केंद्र सुरू करण्याचा परवाना मिळत नाही. मध्यम लहरींवरचं प्रसारण आकाशवाणीकडे आहे. खासगी कंपन्यांना आणि सामुदायिक रेडिओला परवानगी मिळते ती एफएमवर.

याची मुळं जुनी आहेत. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी तारायंत्र कायदा यांनी प्रक्षेपणावर आणि बिनतारी यंत्र जवळ बाळगण्यावर सरकारी परवान्याची अट घातली. एकेकाळी तर रेडिओ नुसता ऐकायलाही परवाना लागायचा. घरोघरची ती पुस्तकं 1980 च्या दशकात इतिहासजमा झाली. प्रक्षेपणाची अट मात्र कायम राहिली. या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी 2023 चा दूरसंचार कायदा आला असून त्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. परवानगीशिवाय दूरसंचार सेवा किंवा जाळं चालवल्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

'पण वाय-फाय, ब्ल्यूटूथला कुठे परवाना लागतो?' हा प्रश्न रास्त आहे. ठरावीक फ्रिक्वेन्सी आणि ठरावीक ताकदीच्या उपकरणांना सरकारने नियम करून सूट दिली आहे. गावाला कार्यक्रम ऐकवणारं स्टेशन त्या सुटीत बसत नाही.

'आम्हाला कोण शोधणार?' याचंही उत्तर आहे. रेडिओचा स्वभावच असा की तो स्वतःचा पत्ता स्वतः सांगतो. दिशा दाखवणारी अँटेना घेऊन दोन-तीन ठिकाणांहून मोजमाप घेतलं की ट्रान्समीटरची जागा नकाशावर सापडते. फ्रिक्वेन्सींवर नजर ठेवण्यासाठी दूरसंचार विभागाची वेगळी यंत्रणाच आहे.

हे आधी कुणी केलंय का?

केलंय, आणि महाराष्ट्रातच.

भारतातलं संघटित प्रसारण हौशी मंडळींनी सुरू केलं. मुंबईच्या रेडिओ क्लबने 1923 मध्ये कार्यक्रम प्रसारित केले. त्यानंतर 23 जुलै 1927 ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. ही कंपनी तीन वर्षांतच, 1930 मध्ये, बुडाली. यंत्रं बंद पडली म्हणून नव्हे, तर रोजचा खर्च भागेना म्हणून. स्टेशन उभारणं आणि स्टेशन चालवणं हे दोन वेगळे खर्च असतात, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

दुसरं उदाहरण आता चित्रपटामुळे अनेकांना माहीत आहे. 'ए वतन मेरे वतन' ज्यांच्यावर आहे त्या उषा मेहता 1942 च्या 'छोडो भारत' आंदोलनात अवघ्या 22 वर्षांच्या होत्या. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. 27 ऑगस्ट 1942 ला 42.34 मीटरवरून त्याचं प्रसारण सुरू झालं. ही लघुलहर होती, मध्यम लहर नव्हे. लघुलहरीला अँटेना लहान पुरते आणि ती आकाशातल्या थरावरून परावर्तित होऊन लांब जाते, म्हणून कमी ताकदीतही ती दूर ऐकू येऊ शकते.

हा रेडिओ पकडला जाऊ नये म्हणून जागा सतत बदलाव्या लागत होत्या. तरीही 12 नोव्हेंबर 1942 ला पोलिसांनी तो पकडलाच. जेमतेम अडीच महिने. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली.

स्वतंत्र भारतातलं गाजलेलं उदाहरण बिहारचं. वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरमध्ये राघव महतो या तरुणाने दुरुस्तीच्या दुकानातून स्वतःचं एफएम स्टेशन चालवलं. ट्रान्समीटरचा खर्च सांगितला जातो अवघा 50 रुपयांच्या आसपास. अँटेना बांबूवर. आजूबाजूची गावं त्यावर गाणी आणि स्थानिक माहिती ऐकत. 2006 मध्ये त्याची बातमी जगभर गेली आणि त्याच वर्षी परवाना नाही म्हणून ते बंद झालं.

राघवचं स्टेशन एफएमवर होतं, हा योगायोग नव्हता. 100 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी असते 3 मीटर. तिच्या पाव भागाची अँटेना म्हणजे 75 सेंटिमीटर, हातभर लांबीची दांडी. एएमला जिथे 75 मीटरचा मनोरा लागतो, तिथे एफएमचं काम पाऊण मीटरमध्ये होतं. कमी बजेट असेल तर एफएम का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

मग कायदेशीर रस्ता कोणता?

9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून सुरू झालेल्या खटल्यात सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यानंतर सामुदायिक रेडिओचं दार हळूहळू उघडलं. आधी शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली. 2004 मध्ये चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं स्टेशन सुरू झालं. 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही संधी दिली.

माधवनगरपासून फार लांब जायला नको. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची 'माणदेशी तरंग वाहिनी' 2008 पासून 90.4 वर आहे. सांगली जिल्ह्यातच जत तालुक्यातल्या जालिहाळला येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीची 'येरळावाणी' आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची 'शारदा कृषी वाहिनी' शेतीवर बोलते. 2024 च्या सुरुवातीला देशात अशी जवळपास 480 स्टेशनं होती.

अर्ज कोण करू शकतं?
- किमान तीन वर्षं जुनी, समाजकार्य करणारी नोंदणीकृत बिगर-नफा संस्था
- शाळा, महाविद्यालय, विद्यापीठ
- कृषी विज्ञान केंद्र, कृषी विद्यापीठ

कोण करू शकत नाही? एकटी व्यक्ती, राजकीय पक्ष आणि त्यांच्या संलग्न संघटना, नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या. म्हणजे नुसत्या उत्सवापुरतं एकत्र येणारं मंडळ इथे अडेल. गावातल्या नोंदणीकृत संस्थेबरोबर किंवा कॉलेजबरोबर गेलं तर पुढे सरकता येईल.

अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन होतो. पुढे छाननी, इतर मंत्रालयांची मंजुरी, मग इरादापत्र. त्यानंतर फ्रिक्वेन्सी, अँटेनाच्या जागेची मंजुरी, मंत्रालयाशी करार आणि शेवटी वायरलेस परवाना. हे काम महिन्यांचं आहे, आठवड्यांचं नाही.

ट्रान्समीटरची परिणामी ताकद साधारण 100 वॉटपर्यंत ठेवता येते आणि अँटेना 30 मीटरपर्यंत. एवढ्यात सपाट मुलखात 10 ते 15 किलोमीटरचा परिसर ऐकू शकतो. माधवनगरला अँटेना असेल तर बुधगाव, कवलापूर आणि सांगली शहर त्यात सहज येईल.

पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही?

वाचवता येण्यासारखं:
- स्टुडिओ. एक शांत खोली, भिंतींना गोधड्या किंवा जाड पडदे, खाली सतरंजी. घुमणारा आवाज थांबवायला एवढं पुरतं.
- सॉफ्टवेअर. रेकॉर्डिंग आणि संपादनासाठी ऑडॅसिटीसारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत.
- कार्यक्रम. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवर तयार केलेले असावेत अशी अटच आहे. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आजी, भारूड करणारे कलाकार, मागावरचे कामगार हे गावातच असतात. त्यांची संमती मात्र घ्यायला हवी. चित्रपटातली गाणी फुकट नसतात, त्यांचे हक्क घ्यावे लागतात.

न वाचवण्यासारखं:
- ट्रान्समीटर आणि फिल्टर. मान्यताप्राप्तच घ्यावा.
- अँटेनाचं अर्थिंग आणि वीजरोधक. वळवाच्या पावसात उंच मास्टवर वीज पडली तर ट्रान्समीटरपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं जातं.
- बॅटरी बॅकअप. लाईट गेल्यावर बंद पडणारं स्टेशन आपत्तीत कामाचं नाही.

उपकरणांसाठी केंद्र सरकारची अनुदान योजनाही आहे. महिन्याच्या खर्चासाठी जाहिराती घेता येतात. 2024 च्या सुधारित धोरणाने त्यांची मर्यादा तासाला 7 मिनिटांवरून 12 मिनिटांवर नेली आणि दर 10 सेकंदांना 52 रुपयांवरून 74 रुपये केला. म्हणजे तासातली सगळी 12 मिनिटं विकली गेली तर 5,328 रुपये. प्रत्यक्षात सगळी मिनिटं भरणं अवघड असतं, म्हणून हिशेब निम्म्याहून कमी धरलेला बरा.

संस्था नसेल तर?

तीन पर्याय उरतात.

पहिला, इंटरनेट रेडिओ किंवा पॉडकास्ट. ट्रान्समीटर नाही, त्यामुळे फ्रिक्वेन्सीचा परवाना नाही. गाण्यांच्या हक्कांचे नियम इथेही लागू होतात.

दुसरा, हॅम रेडिओ. वयाची 12 वर्षं पूर्ण झालेल्यांना परीक्षा देऊन परवाना मिळतो आणि स्वतः बांधलेला ट्रान्समीटर कायदेशीरपणे चालवता येतो. यावर गाणी, जाहिराती किंवा श्रोत्यांसाठी कार्यक्रम करता येत नाहीत. दोन परवानाधारकांनी एकमेकांशी बोलायचं, एवढंच. ज्यांना सर्किट बांधण्याचीच ओढ आहे, त्यांच्यासाठी हा योग्य रस्ता. योगायोग असा की काँग्रेस रेडिओची 42.34 मीटरची लहर आज हॅम मंडळींच्या '40 मीटर' पट्ट्यात येते.

तिसरा, प्रक्षेपणाशिवाय सुरुवात. तेलंगणातल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिलांनी परवाना मिळण्याआधी अनेक वर्षं कार्यक्रम रेकॉर्ड करून गावागावांत कॅसेटवर ऐकवले. 2008 मध्ये त्यांचं 'संघम रेडिओ' अधिकृतपणे सुरू झालं, तेव्हा कार्यक्रम आणि ते करणाऱ्या बायका दोन्ही तयार होते. कर्नाटकातल्या बुदिकोटेच्या 'नम्म ध्वनी'ने तर केबलवरून आवाज घरोघरी पोहोचवला.

एवढा खटाटोप कशासाठी?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी आहे 45 फूट. अशा वेळी आधी वीज जाते, मग मोबाईलची बॅटरी संपते, मग टॉवर बंद पडतात. दोन सेलवर चालणारा रेडिओ तेव्हाही बोलत असतो, पण पलीकडून कुणीतरी बोलायला हवं.

सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा ऐकवता येतात. हवामान, पाणी-वीज, रस्ते, पूर आणि आरोग्याच्या सूचना प्रशासनाकडून आल्या तर त्या देता येतात. पुरात लोकांना हेच हवं असतं. कुठला पूल बंद, निवारा कुठे, पाणी किती वाढणार आणि धरणाबद्दल फिरणारा मेसेज खरा की खोटा.

इथेच परवान्याचा खरा उपयोग कळतो. अनोळखी फ्रिक्वेन्सीवरून अनोळखी आवाज 'पाणी वाढतंय, पळा' म्हणाला तर त्यावर विश्वास ठेवायचा कसा? रोज त्याच ठिकाणी, त्याच नावाने बोलणारं आणि तहसील कार्यालयाला माहीत असलेलं स्टेशन असेल, तर तीच सूचना लोक ऐकतात.

व्हीडिओतला ट्रान्समीटर एका संध्याकाळी तयार होतो आणि गल्लीपर्यंत पोहोचतो. माधवनगरच्या मंडळाला खरंच गावाशी बोलायचं असेल, तर पहिली खरेदी क्रिस्टलची नको, एका बऱ्या मायक्रोफोनची असू दे. परवान्याचा अर्ज होईपर्यंत शंभर कार्यक्रम रेकॉर्ड होऊ शकतात आणि अर्ज करणाऱ्या संस्थेला गावासाठी काय ऐकवणार हे त्यातून दाखवता येतं.